मोरा बंदरातलं पाणी भरताना

नवी मुंबईला लोक बदली होऊन जातात, लग्न होऊन जातात, नोकरी शोधायला जातात. बघायला म्हणून कुणी जात नाही. मीही बघायला गेले नव्हते. समुद्राचं पाणी बाटलीत भरायला गेले होते, आणि एवढ्याशा कामासाठी मला दोन खेपा घालाव्या लागल्या. कऱ्हाडला परतल्यापासून जो तो विचारतोय, "मग, समुद्र कसा होता?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून नमुने येतात. त्यांची फॅट बघायची, आंबटपणा बघायचा, पाणी घातलंय का ते बघायचं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अश्विनी लहानपणी मे महिन्यात माझ्याबरोबर येऊन बसायची. दुधात थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला सगळं गुलाबी होतं, ते बघायला तिला फार आवडायचं. त्या गुलाबी रंगापायी ती रसायनशास्त्राला गेली, असं बहिणीचं म्हणणं आहे, आणि ती ते तक्रारीच्या सुरात सांगते. अश्विनी आता कामोठ्याला राहते आणि समुद्राच्या पाण्याचा आंबटपणा मोजते.

यंदा चैत्रात तिला सातवा महिना लागला होता. मागच्या खेपेला एकदा पोटातलं गेलेलं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की रिक्षावाला हळू चालवणार असेल तर चालेल, होडी अजिबात नाही. तिच्याबरोबर काम करणारी मुलगी नोकरी लागून बंगळूरला गेलेली. बहिणीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून बहिणीला घर सोडता येत नव्हतं. शेवटी मला फोन आला.

"मावशी, मला फक्त हात हवेत," अश्विनी म्हणाली. "डोकं माझ्याकडे आहे."

"हात आहेत," मी म्हणाले. रजा टाकली, बहिणीने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि सांडगे पिशवीत भरले आणि निघाले.

कामोठे

कामोठ्यात समुद्र दिसत नाही. इमारती दिसतात, इमारतींच्या खाली दुकानं दिसतात आणि दुकानांच्या पाट्यांवर आपलीच गावं दिसतात: सातारी कंदी पेढे, कोल्हापुरी मिसळ, लातूरच्या कुणाचं तरी किराणा दुकान. जयंती जवळ आली होती म्हणून चौकात निळ्या पताका लागल्या होत्या आणि कमान उभी करायचं काम चाललं होतं. अश्विनीच्या मजल्यावर एक घर लातूरचं, एक रत्नागिरीचं. संध्याकाळी जिन्यात उभं राहिलं की ज्वारीची भाकरी कुठल्या दारात आहे आणि तांदळाची कुठल्या, हे वासावरून कळतं. कऱ्हाडला आमच्या आळीत सगळ्या घरांतून एकच वास येतो.

अश्विनी दार उघडून उभी होती. मी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. पोट पुढे, चेहरा सुकलेला, पाय सुजलेले.

"पाय वर घेऊन बस," मी म्हणाले.

"आल्या आल्या सुरू?"

"मग काय जाताना सुरू करू?"

तिचा नवरा सचिन बंदरात क्रेनवर आहे. पाळीप्रमाणे येतो, जेवतो, झोपतो, जातो. बोलतो कमी. पण फ्रिजमध्ये डाळिंबाचे दाणे सोलून ठेवलेले दिसले आणि ते अश्विनीने सोललेले नव्हते हे मला तिच्याकडे बघूनच कळलं. बोलणाऱ्या जावयांपेक्षा हा बरा.

रात्रीच्या जेवणाआधी तिने मला स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं केलं. शिकवणी सुरू झाली.

आता हे नेमकं काय, ते मला समजलं तसं सांगते. आपण कोळसा जाळतो, पेट्रोल जाळतो, त्यातून निघणारा वायू हवेत जातो. त्यातला बराच समुद्र पिऊन टाकतो. तो पाण्यात विरघळला की पाण्याचा पीएच, ज्याला आमच्याकडचे शेतकरी सामू म्हणतात, तो हळूहळू खाली येतो. समुद्र आंबट झालेला नाही, आपल्या हयातीत होणारही नाही. पण जितका असायला हवा त्यापेक्षा त्या बाजूला सरकतोय. त्यात खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्याचं वेगळंच. ज्यांना पाण्यातूनच चुना घेऊन आपलं कवच बांधायचं असतं, त्या शिंपल्या-कालवांना मग ते बांधणं अवघड होत जातं. हा फरक इतका बारीक की एकदा मोजून काहीच कळत नाही. त्याच जागेवर, त्याच उधाणाला, दर ऋतूत, वर्षानुवर्षं मोजत राहिलं तर काहीतरी म्हणता येतं.

"आणि एखादी खेप चुकली तर?" मी विचारलं.

"तर ती चुकलीच. या चैत्रातला समुद्र पुढच्या महिन्यात मिळत नाही."

बाटली भरायची रीत अशी. पाणी वर काढायच्या नळकांड्याची रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळापर्यंत घालायची. पाणी हळू सोडायचं, बाटली काठोकाठ भरू द्यायची, तशीच वाहू द्यायची, जुनं पाणी पूर्ण निघून जाऊ द्यायचं. मग पाऱ्याच्या क्षाराचा एक थेंब, म्हणजे आतले जीवजंतू मरतात आणि पाणी जसं आहे तसं राहतं. हा थेंब विषारी असतो. बूच लागेपर्यंत गर्भारणीने त्याच्या जवळही जाऊ नये. मग ग्रीस लावलेलं बूच. आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये, कारण हवा राहिली की तिच्यातला वायू पाण्यात येतो-जातो आणि सगळी मापं खोटी पडतात.

नळाच्या पाण्यावर मी सराव केला. पहिली बाटली भरली, दुसरी भरली. अश्विनीने उलटी करून दिव्यासमोर धरली. बुडबुडा नाही.

"तुला काय शिकवायचं," ती म्हणाली. "तुझा जन्म गेला बाटल्या भरण्यात."

मलाही तसंच वाटलं होतं.

मोरा

कामोठ्याहून उरणकडे जाताना रस्त्यावर माणसांपेक्षा कंटेनर जास्त. लांबच लांब ट्रेलर, त्यांच्यामध्ये आमची रिक्षा, रिक्षात मांडीवर बाटल्यांचा खोका घेऊन मी, आणि पाठीला उशी लावून अश्विनी. मध्येच मिठागरं येतात. पांढऱ्या राशी, कडेला चिखल, चिखलात बगळे. उन्हात त्या मिठाकडे बघवत नाही. मोऱ्याला पोचलो तेव्हा भरती यायला सुरुवात झाली होती. इथे सगळं भरतीच्या हुकमावर चालतं. ओहोटीला धक्क्यापुढे नुसता गाळ असतो. मुंबईला जाणारी लाँचसुद्धा पाणी येईपर्यंत थांबते. प्रवासी डबे घेऊन सावलीत बसलेले असतात आणि कुणीही घड्याळ बघत नाही. आमच्या स्टँडवर कोल्हापूर गाडी अशी उशिरा आली असती तर कंट्रोलरच्या खिडकीवर चार जण चढले असते.

अश्विनी ज्यांची होडी नेते ते नाखवा आणि त्यांची बायको यमुनाबाई धक्क्यावरच होते. नाखवा उंच, सडसडीत, इंजिनाशी बोलणारे. यमुनाबाई माझ्याच वयाची, नाकात नथ, कोळी पद्धतीचं घट्ट नेसलेलं लुगडं, आवाज असा की समोरच्या घारापुरीला ऐकू जावा.

"काय गो, या येलेला माल बदलून आनलास?" तिने मला बघून अश्विनीला विचारलं.

"माझी मावशी. हीच जाणार आज."

"होडीत बसलीस का कधी, बाय?"

"कृष्णेत," मी म्हणाले. "संगमावर."

यमुनाबाई हसली. पोटातून, मनापासून. "नाखवा, हिला मधी बसवा. नदीचं मानूस हाय."

अश्विनी धक्क्यावर पत्र्याच्या सावलीत बसली आणि आम्ही निघालो. आम्ही लांब जाईपर्यंत ती हात करून सांगत होती: नळी तळापर्यंत, वाहू दे, वाहू दे.

पाणी मातकट हिरवं. उजवीकडे घारापुरीचा डोंगर, समोर तेलाच्या टाक्या असलेलं बेट, दूरवर नांगरून पडलेली जहाजं, त्यापलीकडे धुरकट मुंबई. मला हे सगळं छान वाटलं, ते पहिल्या जागेपर्यंत. नाखव्यांनी इंजिन बंद केलं आणि होडी जागच्या जागी डुलायला लागली. बस लागते तशी होडीही लागते हे मला माहीत नव्हतं.

"ताई, खाली नका बघू. डोंगराकडं बघा," नाखवा म्हणाले.

पण बाटली खालीच होती. दोन्ही तोंडं उघडी असलेलं नळकांडं दोरीने खाली सोडलं, मग दोरीवरून वजन सोडलं. ते खाली जाऊन आदळलं की झाकणं बंद होतात आणि त्या खोलीचं पाणी आत राहतं. हे मी व्यवस्थित केलं. नळी लावली. बाटली भरली. विषाचा थेंब घातला, बूच लावलं. तोंडात पाणी सुटत होतं, डोकं गरगरत होतं, पण हात चालत होते. एक जागा, दुसरी, तिसरी. सगळ्या बाटल्या खोक्यात उभ्या केल्या आणि मग निवांतपणे होडीच्या कडेवर वाकून सकाळचे पोहे समुद्राला देऊन टाकले.

"मासे खुश," नाखवा म्हणाले.

धक्क्यावर उतरले ती मान ताठ ठेवूनच. अश्विनीने पहिली बाटली उचलली, उलटी केली. मग दुसरी. मग सगळ्या.

प्रत्येक बाटलीत बुडबुडा होता. बुडबुडा कसला, बोटभर हवा.

 स्वयंपाकघरात मी बरोबर भरल्या होत्या. मला रीत माहीत होती. आणि तरीही होडीत, डोकं ठिकाणावर नसताना, माझ्या हातांनी तेच केलं जे ते तीस वर्षं करत आलेत. दुधाचा नमुना कधी काठोकाठ भरत नाहीत. वर जागा सोडतात, कारण नंतर बाटली उलटसुलट करून साय मिसळायची असते. गळ्याच्या खाली जागा सोडून नळी काढायची, ही माझ्या बोटांची सवय आहे. रीत डोक्याला शिकवली होती. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अश्विनीने बाटल्या परत खोक्यात लावल्या, नीट, जणू त्या कामाच्या असाव्यात तशा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उद्या परत जाते," मी म्हणाले.

"उद्या पुनव," यमुनाबाई म्हणाली. "गावदेवीची पालखी. होडी सुटायची नाय."

"मग परवा."

"परवा शेवटचा दिवस," अश्विनी म्हणाली. "त्यानंतर उधाण ओसरतं." आणि मग अगदी शांतपणे, "परवा मीच जाते."

यमुनाबाईने आम्हाला उपाशी जाऊ दिलं नाही. तिच्या घराच्या पडवीत कालवांच्या शिंपांचा ढीग पडला होता. ओहोटीला खडकावर जाऊन ती स्वतः कालवं फोडून आणते. त्याचं सुकं आणि तांदळाची भाकरी पुढ्यात आली. आम्ही मटणाची माणसं. हे ओलं, करडं, घसरणारं प्रकरण बघून मी जरा थबकले. घास घेतला. समुद्राची चव म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दुसरी भाकरी मागून घेतली. रिकाम्या पोटाला मान-अपमान नसतो.

"शिंपा पूर्वीपेक्षा पातळ झाल्यात का हो?" मी विचारलं. मला वाटलं, ही रोज फोडते, हिला कळत असेल.

यमुनाबाईने विचार केला. "पयले फोडताना हात दुखायचे. आता पन दुखतात. शिंप पातळ झाली का माझे हात म्हातारे झाले, कसं सांगू?"

अश्विनी तेव्हा पहिल्यांदा हसली. "म्हणून तर मोजायचं, यमुनामावशी."

घरी आल्यावर मी वांग्याची भाजी टाकली आणि तिला खुर्चीत बसवलं. म्हटलं, आता बोलून टाकू.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?"

"मला माहितीये."

"मागच्या वेळी काय झालं होतं?"

"तेही माहितीये, मावशी. तेव्हा मी होडीत नव्हते. घरी झोपून होते, सगळे सांगत होते तशी. तरी झालं." ती हाताने टेबलावरचे भाकरीचे कण गोळा करत होती. "मला वेड लागलेलं नाही. पण मी एकदा उतरले ना होडीतून, की परत चढू देणार नाहीत."

"कोण?"

"कोणीच नाही म्हणणार नाही गं. सगळे प्रेमाने सांगतील. आधी बाळ अंगावर पितंय, मग बाळ रांगतंय, पडेल, मग बालवाडी. आमच्या लॅबचे सर आत्ताच म्हणतायत, तू विश्रांती घे, पुढचं पुढे बघू. आई तर वाटच बघतीये. सचिन काही म्हणत नाही, पण त्याची आई म्हणते. या खेपेचं पाणी भरलं गेलं तर निदान माझी मोजणी अखंड राहते. ती तुटली की मग परत येण्याचं कारणच राहत नाही."

 भाजी करपत होती. उठून तिच्यात पाणी घातलं.

पालखीचा दिवस

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईचं आमंत्रण होतंच. गावात शिरलो तर सगळ्या होड्या ओळीने बांधलेल्या, त्यांना झेंडूच्या माळा, पुढच्या टोकाला नाळेवर हळदकुंकू. घरोघरी रांगोळ्या, पोरींच्या केसांत अबोली. आमच्याकडे जत्रेत बैलांना सजवतात, इथे होड्यांना. फरक इतकाच की बैल माळ खाऊन टाकतो.

मी यमुनाबाईला बाजूला घेतलं. "होडी सुटत नाही, ठीक. पण बांधलेल्या होडीत बसलं तर देवी रागवेल का?"

"बसायला काय? कोंबड्या पन बसतात."

दुपारी पाणी चढलं तशी मी बाटल्या घेऊन त्या माळा घातलेल्या होडीत जाऊन बसले. लाँच गेली की लाटा येत, होडी डुलायची, दोर ताणायचा, आणि मी नळी तळापर्यंत घालून बाटली भरायची, वाहू द्यायची, बूच लावायची, उलटी करायची, ओतायची, परत भरायची. हातांना नवीन सवय लावायची तर त्यांच्याशी वाद घालून चालत नाही. पुन्हा पुन्हा करायचं, बस्स. नवी लुगडी नेसलेल्या बायका धक्क्यावर जमल्या.

"काय करतं गो ती?"

"समुद्र धुवून भरतं बरणीत," यमुनाबाईने सांगितलं. "लोनचं घालनार हाय."

संध्याकाळपर्यंत माझा पदर, परकर, सगळं ओलं झालं होतं आणि बाटलीत बुडबुडा राहत नव्हता. एकदाही नाही. मी त्यातली एक बाटली घेऊन अश्विनीकडे गेले. ती पडवीत पाय वर घेऊन बसली होती. तिने बाटली उलटी केली, बघितली, परत दिली.

"बांधलेल्या होडीत कुणालाही जमतं, मावशी."

वाईट वाटलं, पण तिचं चूक नव्हतं. स्वयंपाकघरातही मला जमलंच होतं.

मग पालखी आली. बँजो, गुलाल, आणि पुढे नाचणाऱ्या बायका. पालखी यमुनाबाईच्या दाराशी थांबली. अश्विनी उठली, दोन्ही हात पोटाखाली धरून उभी राहिली आणि देवीकडे बघत राहिली. तिने काय मागितलं ते मी विचारलं नाही. मी काय मागितलं ते सांगते: उद्या हिची रिक्षा पंक्चर होऊ दे.

परत मोरा

रिक्षा पंक्चर झाली नाही.

सकाळी मी सगळे प्रकार करून बघितले. रागावले, समजावलं, बहिणीला फोन लावीन म्हणाले. सचिन रात्रपाळीहून आला नव्हता; त्याला मी फोन केला तर म्हणाला, "मावशी, मी सांगितलं तर ती ऐकेल. आणि मग आयुष्यभर मीच तो राहीन, अडवणारा." त्याचा आवाज बरा नव्हता. मी फोन ठेवला.

धक्क्यावर पाणी भरत आलं होतं. अश्विनीने केशरी लाइफ जॅकेट चढवलं. वरचा पट्टा लागला. खालचा पट्टा पोटावरून पुढे येईना. तिने ओढून बघितला, श्वास आत घेऊन बघितला. त्या श्वासाने काय होणार होतं?

"लागत नाहीये," मी म्हणाले.

"वरचा लागलाय ना."

ती पायऱ्या उतरायला लागली. पायऱ्या शेवाळलेल्या. मी तिचा दंड धरला, तिने सोडवून घेतला. नाखवा होडीत उभे, हात पुढे करावा की नाही या पेचात. त्यांनी बायकोकडे बघितलं. पण यमुनाबाई तिथे नव्हती. आत्ता होती, आत्ता नाही.

अश्विनीचा एक हात होडीच्या काठावर टेकला तेवढ्यात वरून आवाज आला, "थांब गो! थांब!"

यमुनाबाई धावत येत होती. हातात सूप. सुपात खण, नारळ, तांदूळ, वर दोन केळी आणि हळदकुंकवाची कुयरी. दम लागलेला.

"सातवा महिना ना? देवी काल दाराशी आली, तू तितं उभी होतीस. तुजी वटी भरल्याबिगर मी सोडीन?"

"यमुनामावशी, आल्यावर भरा ना. पाणी उतरेल."

"आल्यावर नाय. आत्ता."

अश्विनी नाइलाजाने दोन पायऱ्या वर आली. यमुनाबाईने तिला पायरीवर बसवलं, कुंकू लावलं, ओढणीचा पदर पसरायला लावला आणि ओंजळीओंजळीने तांदूळ घातले. खण घातला, केळी घातली, नारळ ठेवला. लाँचची वाट बघत बसलेले लोकही डबे सोडून बघायला उठले. मग यमुनाबाईने त्या भरल्या पदराला आपल्या हाताने गाठ मारली.

"आता ही वटी घरी न्यायची, देवापुढं ठेवायची. तोवर पानी वलांडायचं नाय."

अश्विनीने वर बघितलं. "असं असतं?"

"आमच्यात असतं."

"नाखवा?"

नाखवा इंजिनात डोकं घालून बसले होते. "असतं, असतं," आतूनच आवाज आला.

अश्विनी त्या पायरीवर बसून राहिली. मांडीवर नारळ, गळ्यात अर्धवट लागलेलं जॅकेट. मला वाटलं ती उठणार, गाठ सोडणार. ती हुशार मुलगी आहे, असल्या गोष्टींना भुलणारी नाही. तिने नारळावरून हात फिरवला. मग जॅकेटचा वरचा पट्टा काढला आणि ते माझ्याकडे दिलं.

"नळी तळापर्यंत," ती म्हणाली.

"वाहू दे, वाहू दे," मी म्हणाले आणि होडीत चढले.

धक्का लांब गेल्यावर मी नाखव्यांना विचारलं, "खरंच अशी पद्धत आहे का हो तुमच्यात?"

नाखव्यांनी सुकाणू जरा वळवलं. "आमची ही सातव्या म्हैन्यात मासळीच्या पाट्या घेऊन भाऊच्या धक्क्याला जायची. रोज. लाँचनी." मग जरा विचार करून, "ही पद्धत आज सकाळचीच असंल."

मी हसले, आणि हसता हसता पहिली जागा आली. इंजिन बंद झालं. होडी डुलायला लागली. त्या दिवशी वारा जास्त होता. तोंडाला पाणी सुटलं, मी ते गिळलं. नळकांडं खाली, वजन खाली, झाकणं बंद. नळी तळापर्यंत. पाणी वर आलं, गळ्यापर्यंत आलं, माझी बोटं थांबायला गेली, मी त्यांना थांबू दिलं नाही. पाणी काठावरून माझ्या हातावर सांडलं, मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, होडीच्या तळात साचलं. सांडू दिलं. थेंब, बूच, उलटी. नाखवा वाकून बघत होते.

"नाय दिसत काय," ते म्हणाले.

पुढच्या दोन्ही जागांवर असंच. मध्ये एकदा मी कडेवर वाकले, पण बाटली खाली ठेवूनच.

परतलो तेव्हा अश्विनी आणि यमुनाबाई पत्र्याच्या सावलीत बसल्या होत्या. ओटी तशीच मांडीवर. धक्क्यावर चढून टेकायच्या आधी मी खोका पुढे केला. अश्विनीने एकेक बाटली काढली, उलटी केली, उन्हासमोर धरली. शेवटची बाटली तिने जास्त वेळ धरली. मग ती खोक्यात ठेवून दिली आणि ओढणीने तोंड पुसलं, डोळ्यांसकट.

"झालं?" यमुनाबाईने विचारलं.

"झालं."

यमुनाबाई चहा आणायला गेली. मी अश्विनीच्या शेजारी बसले.  समोरचं पाणी आता उतरायला लागलं होतं.

"तुला कळलं होतं ना, अशी काही पद्धत नसते ते?" मी विचारलं.

"पाटी घेऊन लाँचमध्ये असतानाच तिला कळा सुरू झाल्या होत्या, हे तिनेच मला पहिल्या वर्षी सांगितलंय."

"मग थांबलीस का?"

"ती सूप घेऊन धावत आली ना." तिने ओटीची गाठ चाचपली. "तुम्ही सगळे मला नाही म्हणत होतात. तिने काहीतरी दिलं."

लाँच लागली. लोक डबे, पाट्या घेऊन चढले. लाँच वळून निघून गेली.

"पुढची खेप पावसाळ्यानंतर," अश्विनी म्हणाली. पाण्याकडेच बघत. "तेव्हा बाळ चारेक महिन्यांचं असेल. सर म्हणतील, मावशींनाच बोलवा परत. चांगल्या भरतात."

"मी येईन," मी म्हणाले. "पण होडीत नाही बसणार. मला होडी लागते."

ती ओटीची गाठ घट्ट करायला लागली.

"होडीत तू जायचंस. मी त्याला घेऊन इथे बसते. निघताना पाजून जा, आल्यावर परत पाज. भरतीला जितका वेळ लागतो तितकाच त्याला धीर धरायचाय. आणि त्यानंतरची खेपही मला कळव. रजा साठवून ठेवते."

अश्विनीने माझ्याकडे मान वळवली.  

"इथे ऊन फार असतं गं. पत्रा तापतो."

"छत्री आणीन," मी म्हणाले.